दहा ते पाच

दहा ते पाच ही वेळ मराठी मध्यमवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यावाचून दिवसाचे काय होते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कचेरी असो, शाळा असो, दुकान असो, कोठे तरी जावयाचे, काही तरी करावयाचे, चार माणसांत उठबस करावयाची आणि संध्याकाळी थकून घरी परतावयाचे. या क्रमाविषयी कुरकुर पुष्कळ होते. पण 'आपण काय करता?' या प्रश्नाला उत्तर देता येते ते त्याच्याच जोरावर. ज्यांना बौद्धिक अक्षमता आहे अशा मुलामुलींचा दिवसही शाळेच्या वयात असाच भरलेला असतो. विशेष शाळेची गाडी येते, डबा भरला जातो, बाई असतात, सोबती असतात. मग मूल अठरा वर्षांचे होते, आणि एका जूनमध्ये ती गाडी यावयाची थांबते. घरातली बाकीची माणसे आपापल्या उद्योगाला निघून जातात, आणि अंगापिंडाने धडधाकट असा एक तरुण गॅलरीत उभा राहून रस्त्याकडे पाहत राहतो. त्याच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षे असतात.

ही वर्षे कशाने भरावयाची, हा या विवेचनाचा विषय आहे. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे, आणि वाचन-लेखनापुरती मर्यादित अशी अडचणही नव्हे. समजून घेणे, शिकणे, पैसा, वेळ आणि व्यवहार सांभाळणे या गोष्टी लहानपणापासूनच ज्याला मंद गतीने आणि इतरांच्या साहाय्याने कराव्या लागतात, त्याची ही अवस्था असते. ती औषधाने जात नाही. मात्र योग्य आधार मिळाला तर तिच्यामुळे अडणाऱ्या गोष्टी पुष्कळ कमी होतात. मराठीत पूर्वी 'मतिमंद' हा शब्द सरसकट वापरीत. आता तो मागे पडत चालला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण त्या शब्दात माणूस संपतो आणि उणीव तेवढी उरते.

या प्रश्नाचा विचार ज्या देशांत दीर्घकाळ आणि चुकत चुकत झाला, त्यांत इंग्लंडची गणना करावी लागते. तेथल्या चुका मोठ्या बोधप्रद आहेत. 1913 च्या कायद्याने तेथे अशा माणसांची व्यवस्था मुख्यतः मोठमोठ्या बंदिस्त संस्थांकडे सोपवली. जे घरीच राहत, त्यांच्यासाठी स्वयंसेवी मंडळांनी 'ऑक्युपेशन सेंटर' नावाची छोटी केंद्रे काढली. आणि 1927 च्या दुरुस्तीने प्रशिक्षण व उद्योग पुरविण्याचे काम स्थानिक संस्थांच्या कर्तव्यांत आले. 'ऑक्युपेशन' म्हणजे गुंतवून ठेवणे. टोपल्या विणणे, भरतकाम, ब्रशाला केस बसविणे, असे काही तरी हाताला दिले की माणूस शांत बसतो, अशी ती कल्पना होती. तीत दया होती; अपेक्षा मात्र नव्हती.

अपेक्षा आली ती 1950 च्या दशकात. टिझर्ड, ओ'कॉनर, क्लार्क, हर्मेलिन इत्यादी मानसशास्त्रज्ञांनी अशा प्रौढांना प्रत्यक्ष कारखान्यातली कामे शिकवून पाहिली. ठराविक लांबीच्या तारा कापणे, दूरचित्रवाणीच्या प्लगला रंगीत तारा डाख देऊन जोडणे, सायकलचा पंप जुळविणे, अशी ती कामे होती. आरंभी ही माणसे फार मागे असत. परंतु कामाची नीट फोड करून, धीराने आणि शाबासकी देत शिकविले, की त्यांची गती झपाट्याने वाढे. आणि पहिल्या दिवशीच्या कामावरून शेवटच्या दिवशीच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही, असे या संशोधकांना आढळून आले. 'याला काही येणार नाही' हे भाकीत करण्याचा अधिकारच या प्रयोगांनी काढून घेतला. हे त्यांचे यश लहान नव्हे.

पण यशाचा उपयोग कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. 1959 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर इंग्लंडभर 'अ‍ॅडल्ट ट्रेनिंग सेंटर' उभी राहिली. 1971 च्या सरकारी श्वेतपत्रिकेने त्यांतल्या जागा कित्येक पटींनी वाढविण्याचे ठरविले. कारखान्यांकडून खोकी घडी करण्याची, स्क्रू मोजून पुडीत भरण्याची, खेळण्याचे भाग जुळविण्याची कामे कंत्राटाने येत. शंभर-शंभर माणसे लांब टेबलांभोवती बसून तेच काम वर्षानुवर्षे करीत आणि हातखर्चाएवढे पैसे घेऊन घरी जात. प्रयोगाने एवढेच सिद्ध केले होते, की ही माणसे असे काम शिकू शकतात. ज्याला शिकता येते त्याने तेच करावे, हे मात्र कोणीही सिद्ध केले नव्हते. पुढे मंदीच्या काळात ही कंत्राटे आटली. तेव्हा केंद्रांनी 'सामाजिक शिक्षणा'चे नाव घेतले. आता स्वयंपाक, खरेदी, नाणी ओळखणे, घड्याळ पाहणे यांचे वर्ग सुरू झाले. यावर टीकाकारांनी नेमके बोट ठेवले ते असे: माणूस वीस वर्षे खोटी नाणी मोजण्याचा सराव करतो आणि खऱ्या दुकानात एकदाही जात नाही. त्याचे सारे आयुष्य कशाच्या तरी तयारीत जाते; आणि ती तयारी पुरी झाली असे कोणी कधी म्हणत नाही.

टोपल्या, खोकी, नाणी ही तिन्ही एकाच कुळीतली. तिन्ही वेळा इमारत आधी, वेळापत्रक त्यानंतर आणि माणूस सर्वांत शेवटी, असा क्रम होता. सोमवारी मातीकाम असेल, तर सोमवारी येणाऱ्या प्रत्येकाला मातीकाम आवडत असते! हा क्रम उलटा करावा, हे 'व्यक्तिकेंद्रित' या काहीशा जड शब्दामागचे साधे म्हणणे आहे. 1980 च्या सुमारास लंडनमधील किंग्ज फंड या संस्थेने या माणसांसाठी 'सर्वसामान्य आयुष्या'ची मागणी पुढे मांडली. अमेरिकेत जॉन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवेची परीक्षा करण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या: माणूस गावातल्या सर्वांच्या जागी वावरतो काय, त्याला निवड करता येते काय, त्याचे कौशल्य वाढते काय, त्याला मान मिळतो काय, आणि त्याला माणसे मिळतात काय. केंद्राची इमारत केवढी आहे, हा प्रश्न या पाचांत नाही. 2001 साली 'व्हॅल्युइंग पीपल' या नावाची श्वेतपत्रिका निघाली आणि हा विचार इंग्लंडच्या सरकारी धोरणात आला.

परंतु धोरण सोपे असते. ज्याला बोलता येत नाही, त्याला काय हवे आहे हे ओळखावयाचे कसे? सारी कसोटी येथे आहे, म्हणून येथे जरा थांबले पाहिजे.

पहिली अडचण होकाराची. ज्यांचे सारे आयुष्य इतरांच्या आज्ञेत गेले, ती माणसे विचारलेल्या प्रश्नाला बहुधा 'हो' म्हणतात. 'केंद्रात यायला आवडते ना?' 'हो.' 'घरी राहायला आवडते ना?' 'हो.' त्यांत लबाडी नसते, भीती व सवय असते. दुसरी अडचण अनुभवाची. ज्याने नदी पाहिली नाही, त्याला पोहणे आवडेल काय असे विचारण्यात अर्थ नाही. म्हणून शब्दांनी विचारण्यापूर्वी गोष्ट दाखवावी लागते, हाती द्यावी लागते, दोन-चार वेळा करून पाहू द्यावी लागते, आणि त्या वेळी चेहरा, हात, श्वास यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते. चित्रे, छायाचित्रे, हातांच्या खुणा यांचे साहाय्य घेतात. इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात 'मॅकॅटन' नावाची खुणांची पद्धत याचसाठी तयार झाली. जेथे चित्रही कळत नाही, तेथे वस्तू बोलते: टॉवेल हाती दिला म्हणजे पोहावयास जाणे, पिशवी दिली म्हणजे बाजार.

तिसरे साधन अगदी साध्या कागदाचे आहे. त्यावर चार रकाने आखलेले असतात. 'तेव्हा काय चालले होते', 'त्याने काय केले', 'त्याचा अर्थ बहुधा काय', 'आपण काय करावे'. उदाहरणादाखल पस्तिशीतली एक स्त्री कल्पावी. ती बोलत नाही. मातीकामाच्या तासाला ती मातीचा गोळा दूर सारते, अकराच्या सुमारास उठते आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते. केंद्राच्या नोंदवहीत 'जागा सोडते, सांगितलेले ऐकत नाही' एवढेच लिहिलेले आहे. कोणी तरी तो चार रकान्यांचा कागद पंधरा दिवस भरते, तेव्हा असे दिसून येते की, ती उठते ते कपबश्यांचा आवाज झाल्यावर. तिला एक ओला कप आणि फडके दिले, तर ती तो पुसते, उजेडात धरून पाहते आणि सरळ ओळीत मांडते. अर्धा तास हे चालते आणि तेवढ्या वेळात ती एकदाही उठत नाही. नोंदवहीतली अवज्ञा ही वास्तविक एक विनंती होती.

येथून पुढचे काम कल्पकतेचे आहे. तिला केंद्राच्याच स्वयंपाकघरात कायमचे उभे करणे हे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच टाळावयाचे. गावात कपबश्या कोठे कोठे आहेत? वृद्धांसाठी बुधवारी चहापान भरविणारे एखादे मंडळ असेल. तेथे हात कमीच पडत असतील. पहिले काही आठवडे कोणी तरी बरोबर जाते, मग थोडे दूर बसते. तिला चहा करता येत नसेल, तर किटलीत पाणी भरणे, बशीत बिस्किटे ठेवणे, कप पुसणे ही त्याच कामाची अंगे तिच्याकडे येतात. प्रत्येक कामाचे काही ना काही अंग प्रत्येकाला करता येते, आणि मदतनिसाने ते 'त्याच्यासाठी' न करता 'त्याच्याबरोबर' करावयाचे, ही पद्धत इंग्लंडात जिम मॅन्सेल आदी अभ्यासकांनी रुजविली. काही महिन्यांनी एका बुधवारी ती आजारी पडून येत नाही, आणि कोणी वृद्ध गृहस्थ विचारतात, 'आज ती दिसली नाही?' केंद्रातल्या हजेरीपटावर तिची गैरहजेरी अनेकदा लागली असेल. पण तिच्या नसण्याने कोणाला तरी चुकल्यासारखे वाटावे, हे तेथे प्रथमच घडले.

या योजना आखताना बैठकीला कोण बसते, यालाही महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत डॉक्टर, अधिकारी, शिक्षक असत आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे, तो बाहेरच्या बाकावर असे. नव्या पद्धतीत तो मध्ये असतो, कोणाला बोलवावयाचे ते तो सांगतो किंवा दाखवितो, आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चित्रांनी टिपणे होतात. मायकेल स्मल या अमेरिकी तज्ज्ञाने या बैठकांसाठी एक भेद सांगितला आहे: माणसाला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते, आणि त्याच्यासाठी काय महत्त्वाचे आहे. मराठी श्रोत्यांना हा भेद नवा नाही. कठोपनिषदातले प्रेय आणि श्रेय ते हेच. उपनिषद शहाण्याला श्रेयाची निवड करावयास सांगते. पण तेथे निवडणारा नचिकेता स्वतः असतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या बाबतीत श्रेय दुसऱ्यांनी ठरविलेले असते: साखर कमी, बाहेर एकटे जाणे नाही, दुपारी झोप. ते सारे हितकरच असते. मात्र ज्याच्या आयुष्यात केवळ इतरांनी ठरविलेले श्रेय आहे आणि स्वतःचे प्रेय काहीच नाही, त्याचे आयुष्य रुग्णालयासारखे होते. उलट, निवडीच्या नावाखाली सारे प्रेयावरच सोडून दिले आणि त्याचा मधुमेह बळावला, तर ते स्वातंत्र्य नव्हे, ती हेळसांड होय. दोन्हींचा मेळ रोजच्या रोज घालावा लागतो, आणि तो घालण्याचे कोणतेही कोष्टक नाही.

या पद्धतीचे परिणाम तपासून पाहिले गेले आहेत. इंग्लंडमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार ठिकाणच्या 93 व्यक्तींचा मागोवा घेण्यात आला. ज्यांच्यासाठी अशी योजना झाली त्यांचा आप्तेष्टांशी संपर्क वाढला, बाहेरचे उद्योग वाढले, निवडीला वाव वाढला. मात्र नोकरीच्या बाबतीत फरक पडला नाही. आणि आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: त्या 93 पैकी योजना प्रत्यक्षात झाली ती 65 जणांचीच. उरलेल्यांच्या वाट्याला कागदही आला नाही. जेथे कागद झाला, तेथे तो कपाटात जाऊन बसण्याचा धोका होताच. सुंदर रंगीत चित्रांचा आराखडा भिंतीवर आणि माणूस त्याच खुर्चीत, असे दृश्य या क्षेत्रातल्या लोकांना अपरिचित नाही.

याहून कठीण गोष्ट पुढे घडली. 2010 नंतर इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या खर्चाला मोठी कात्री लागली. 'इमारतीपेक्षा माणूस महत्त्वाचा' हे वाक्य मग हिशेबनिसांनाही आवडू लागले. अनेक केंद्रे बंद झाली, आणि त्यांच्या बदल्यात मिळणारे साहाय्य काहींच्या बाबतीत आठवड्यातल्या मोजक्या तासांवर आले. ज्या केंद्रांवर कंटाळवाणी म्हणून टीका होत होती, त्यांत वीस-वीस वर्षांची मैत्री होती. टेबलाच्या त्या बाजूला रोज बसणारा सोबती कोठे गेला, हे कोणी विचारले नाही. सोबतीविषयी न विचारता केलेली योजना कितीही नेटकी असली, तरी तिला व्यक्तिकेंद्रित म्हणणे कठीण आहे.

आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे. इंग्लंडने केंद्रे उभारून मोडली. भारतात ती बहुतेक ठिकाणी उभीच राहिली नाहीत. मुंबईला 1944 साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली आणि आज जय वकील या नावाने ओळखली जाणारी शाळा, किंवा 1964 साली पुण्यात निघालेली कामायनी, अशा संस्थांनी शाळेपाठोपाठ प्रौढांसाठी कार्यशाळा चालविल्या. 1984 साली सिकंदराबादला या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास निर्माण झाला, आणि त्याने दिवसभराच्या सांभाळासाठी व निवासासाठी योजना आखल्या. तरीही 2011 च्या जनगणनेत नोंदलेली अशा व्यक्तींची संख्या सुमारे 15 लाख होती. तिच्यापुढे या केंद्रांची संख्या फारच तोकडी आहे. जी आहेत ती बहुधा शहरांत आहेत, आणि त्यांत कागदी पिशव्या, मेणबत्त्या, दिवाळीच्या पणत्या हा ठरलेला क्रम आढळतो. पणत्या रंगविण्यात वाईट काही नाही. ज्याला रंग आवडतो त्याने त्या जरूर रंगवाव्यात. ज्याला आवडत नाही त्यालाही सक्तीने ब्रश धरावयास लावले, तर इंग्लंडची खोकी मराठी वेषात आली असेच म्हणावे लागेल.

एक बाजू मात्र आपल्याकडे जमेची आहे. येथे असा माणूस बहुतांशी घरातच असतो, आणि घराभोवती गल्ली असते. वाण्याच्या दुकानात पुडे उचलून देणारा, देवळात घंटा पुसणारा, शेजाऱ्यांची दळणे गिरणीवर पोहोचविणारा असा एखादा प्रौढ पुष्कळ गावांत सर्वांच्या ओळखीचा असतो. त्याची योजना कोणी कागदावर मांडलेली नसते, तरी ओब्रायनच्या पाच प्रश्नांपैकी तीन-चारांना त्याच्या दिवसात उत्तर मिळते. याचे फार कौतुकही करू नये. त्याच गल्लीत त्याची टिंगल होते, दिवसभर राबवून हातावर चहा ठेवला जातो. आणि ती व्यक्ती स्त्री असेल, तर अब्रूच्या धास्तीने आईबाप तिला दाराबाहेर पडू देत नाहीत. आईबापांची ती धास्ती निराधारही नसते. म्हणून बाहेर नेण्याआधी बाहेर ओळखीची, जबाबदार माणसे जोडावी लागतात; आणि हे काम इमारत बांधण्यापेक्षा सावकाश चालते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, आणि पालकत्वही मर्यादित असावे, निर्णय त्या व्यक्तीबरोबर मिळून घ्यावेत, अशी दिशा दाखविली. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार अठरा वर्षांनंतरचा पालक नेमण्याचे काम जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे असते. सत्तरीच्या घरात गेलेल्या आईबापांच्या मनात या कायद्यांपेक्षा एक प्रश्न मोठा असतो: आमच्यामागे याचे कोण करणार? पालक नेमता येतो, पैसा ठेवता येतो. पण तीस-चाळीस वर्षे आईने डोळ्यांनी जे वाचले, ते तिच्याबरोबर नाहीसे होते, आणि नवा सांभाळणारा पुन्हा 'सांगितलेले ऐकत नाही' येथून आरंभ करतो. पुष्कळ कार्यकर्ते म्हणून अलीकडे आयांना एक वही घालावयास सांगतात. तिला सरकारी नमुना लागत नाही, आणि लिहिता न येणाऱ्या आईसाठी ती शेजारची मुलगी लिहू शकते. तो सकाळी रेडिओ लागल्याशिवाय उठत नाही. चहा बशीत ओतून द्यावा, कपाने दिला तर तो सांडतो. कानावर हात ठेवले म्हणजे डोके दुखत नसते, मिक्सर बंद करावयाचा असतो. पावसात छत्री घेत नाही, टोपी चालते. कोपऱ्यावरच्या केंद्रातून दूध तोच आणतो; पैसे मोजता येत नाहीत, म्हणून पाकिटात नेमके ठेवावेत. मंगळवारी बहिणीकडे जातो, त्या दिवशी दूध आणावयास जात नाही. दूधवाल्यांना ते सोमवारीच सांगून ठेवावे. नाही तर ते काळजीने घरी विचारावयास येतात.